ताम्हिणी, अंधारबन, देवकुंड: धबधब्यांच्या वाटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की फोनवर, मेसेजमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच प्रश्न यायला लागतात: देवकुंड चालू आहे का, अंधारबनला मुलं नेता येतील का, जळवा फार असतात का. ज्यांना या वाटा नव्या आहेत आणि ज्यांना वाटतं की आपल्याला सगळं ठाऊक आहे, अशा दोघांसाठी ही उत्तरं एका जागी ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकाच गोष्टीची पुनरुक्ती होणार नाही. बंदी, शुल्क आणि रस्त्याची स्थिती दर हंगामात बदलते, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी ते तेवढं पुन्हा तपासून घ्या.

१. हा परिसर नेमका कुठे येतो? यात कोणकोणत्या वाटा धरल्या आहेत?

पुण्याहून पौड, मुळशी करत पश्चिमेला गेलं की ताम्हिणी घाट लागतो. घाटमाथा पुणे जिल्ह्यात, पायथा रायगडमध्ये. घाटाच्या उत्तरेला कुंडलिका नदीचं खोल खोरं आहे आणि त्याच्या तळाशी भिरा गाव. इथल्या मुख्य वाटा तीन. भिऱ्याहून देवकुंड धबधब्याच्या कुंडापर्यंत जाणारी, घाटमाथ्यावरच्या पिंपरी गावातून अंधारबनातून हिरडी गावामार्गे भिऱ्याला उतरणारी, आणि ताम्हिणी घाटातल्या डोंगरवाडीजवळून प्लस व्हॅलीत उतरणारी. या तिन्ही वाटा एकाच खोऱ्याकडे उतरतात. नकाशावर त्या वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचा एकमेकींशी संबंध काय, हे प्रश्न १० मध्ये सांगितलं आहे.

२. इथेच एवढे धबधबे कशामुळे?

दोन कारणं. पहिलं म्हणजे अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणपट्टी ओलांडून थेट सह्याद्रीच्या भिंतीला भिडतात, वर चढतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. दुसरं कारण खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा बेसॉल्ट तयार झाला. काही थर घट्ट, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले आणि ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो, वरचा घट्ट थर कड्यासारखा पुढे उरतो आणि पाणी त्यावरून सरळ खाली कोसळतं. म्हणून आपल्याकडचे धबधबे टप्प्याटप्प्याने पडतात. पायथ्याशी पाण्याच्या माऱ्याने आणि दगडगोट्यांच्या घुसळणीने कातळ खोलवर कोरला जातो, त्यातूनच कुंड आणि रांजणखळगे होतात. कुंडाचा तळ सपाट नसतो, हे या घडणीतूनच येतं. पोहण्याच्या प्रश्नात (प्रश्न १२) ते लागेल.

३. कोणत्या महिन्यात जावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि आमचं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा धबधबे लांबून बघण्याचा काळ आहे. कुंडापर्यंत जाणाऱ्या वाटांसाठी गणपती उरकल्यानंतरचे दिवस ते दिवाळी हा काळ उत्तम. तेव्हा पाणी भरपूर असतं, ओढे ओलांडण्याजोगे झालेले असतात, पाणी नितळ असतं, आणि पठारांवर सोनकी, तेरडा फुललेला असतो. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते, पण जंगल हिवाळाभर सुंदर असतं.

जूनचे पहिले दोन आठवडे फसवे असतात. पाऊस कमी म्हणून लोक बिनधास्त जातात, पण वर्षभराची धूळ आणि पालापाचोळा पहिल्या सरींनी ओला होऊन कातळ सर्वांत निसरडा याच वेळी असतो.

४. आम्ही पहिल्यांदाच जातोय. कुठून सुरुवात करावी?

पिंपरीजवळून कुंडलिका खोरं बघा आणि अंधारबनच्या वाटेने, ओढे शांत असतील तर, हिरडीपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. चढउतार बेताचा आहे, झाडी दाट आहे. पूर्ण उतरून भिऱ्याला जाण्याचा हट्ट पहिल्या खेपेला नको. देवकुंड ही पहिली वाट म्हणून बहुतेक जण निवडतात कारण तिचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी, तीही चालेल.

५. देवकुंडची वाट किती लांब, किती अवघड?

भिऱ्याहून एका बाजूने साधारण सहा किलोमीटर. जायला दोन ते अडीच तास, यायला तेवढेच. सुरुवातीचा बराच भाग भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याच्या कडेने जवळजवळ सपाट जातो. मग जंगल लागतं, ओढे आडवे येतात, आणि शेवटचा टप्पा मोठमोठ्या धोंड्यांमधून चढतो. दमछाक होईल अशी ही वाट नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. चालणं सोपं असल्यामुळे लोक उशिरा निघतात, कुंडावर रेंगाळतात, आणि परतताना दुपारच्या सरींनी फुगलेल्या ओढ्यासमोर येऊन उभे राहतात. सकाळी आठच्या आत चालायला लागा आणि दुपारी एकच्या सुमारास कुंड सोडा. हे वेळापत्रक पाळता येणार नसेल तर त्या दिवशी जाऊ नका.

६. अंधारबनला एका गाडीत गेलो तर गाडी परत कशी मिळवायची?

ही वाट पिंपरीत सुरू होते आणि तेरा-चौदा किलोमीटर चालून भिऱ्याला संपते, त्यामुळे गाडी वर आणि माणसं खाली अशी स्थिती होते. तीन मार्ग आहेत. चालक सोबत असेल तर तो गाडी निवे, ताम्हिणी घाट, विळे असा वळसा घालून भिऱ्यात आणतो. नाहीतर भिरा किंवा पाटणूसमधून जीप ठरवून वर यायचं, पण ही जीप सकाळी निघण्यापूर्वीच बोलून ठेवा. संध्याकाळी सहाला ओल्या कपड्यांनी जीप शोधणं हाल करणारं आहे. तिसरा आणि आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे हिरडीहून मागे फिरणं.

हिरडीनंतर उतार तीव्र होतो आणि सलग राहतो. गुडघे दुखणाऱ्यांना चढापेक्षा हा उतार जड जातो. ज्यांचं भिऱ्यापर्यंत जायचं नक्की आहे त्यांनी हिरडी दुपारी बाराच्या आत गाठावी.

७. सार्वजनिक वाहनाने जाता येतं का?

पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावकडे जाणाऱ्या एसटीने विळ्यापर्यंत येता येतं, पुढे भिऱ्याला स्थानिक रिक्षा किंवा जीप. मुंबईकडून कोकण रेल्वेने कोलाड किंवा माणगावला उतरायचं, तिथून पुढे रस्त्याने. पिंपरीला मात्र स्वतःची किंवा ठरवलेली गाडी असल्याशिवाय जाणं अवघड. परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते सकाळी उतरतानाच वाहकाला विचारून घ्या.

८. यंदा बंदी आहे का? बंदी मोडली तर काय होतं?

अलीकडच्या पावसाळ्यांत या वाटांवर काही काळ बंदी येत राहिली आहे. जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाईचा आदेश काढतं. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ करायचं, त्यामुळे गावातले लोक अजूनही "एकशे चव्वेचाळीस लागलंय" असंच म्हणतात. आदेश मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. ताम्हिणी अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाचे नियम वेगळे लागतात, आणि वन विभागही अंधारबनसारखी वाट स्वतंत्रपणे बंद करतो.

सगळ्यांची चूक होते ती पुढच्या बाबतीत. अंधारबनची वाट पुणे जिल्ह्यात सुरू होऊन रायगड जिल्ह्यात संपते. पुण्याच्या आदेशात नाव नाही म्हणून निघालात आणि रायगडचा आदेश लागू असेल, तर उतरल्यावर भिऱ्यात पोलीस उभे असू शकतात. दोन्ही जिल्ह्यांचे आदेश बघा. वनरक्षकांशी हुज्जत घालू नका. दोरी घेऊन रात्री दरीत उतरायची वेळ येते तेव्हा तीच माणसं आणि तिथलेच गावकरी पुढे असतात.

९. यलो, ऑरेंज, रेड अलर्टचा अर्थ आमच्या सहलीसाठी काय?

हवामान विभागाच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. साधारणपणे यलो, ऑरेंज आणि रेड हे इशारे याच क्रमाने येतात. पुण्यासाठी शहर आणि घाटमाथा असे वेगळे इशारे दिले जातात. तुम्हाला घाटमाथ्याचा बघायचा आहे, शिवाय रायगडचा. आमचा नियम सोपा आहे: ऑरेंज असेल तर कुंडाकडे जाणारी कोणतीही वाट रद्द, रेड असेल तर घाटात गाडीसुद्धा नको. यलोला वाटाड्याचं म्हणणं अंतिम. आगाऊ भरलेले पैसे बुडतात म्हणून लोक निघतात, हे आम्ही दरवर्षी बघतो. पैसे बुडू द्या.

१०. आम्ही होतो तिथे ऊन होतं. तरी पाणी अचानक कसं वाढलं?

हे उत्तर या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं आहे, सावकाश वाचा.

देवकुंडाशी उभं राहिलं की तिन्ही बाजूंना कडे असतात आणि वर आकाशाचा एक तुकडा दिसतो. त्या तुकड्यात ऊन असेल. पण कुंडात पडणारं पाणी त्या तुकड्यातून येत नाही. ते वरच्या प्लस व्हॅलीतून येतं, आणि प्लस व्हॅलीत ते ताम्हिणीच्या माथ्यावरच्या ओहोळांतून येतं. वर ढग रिकामा झाला की ते पाणी कातळावरून घसरत खाली यायला फार वेळ लागत नाही, कारण मुरायला वाटेत मातीच थोडी आहे. खाली उभ्या असलेल्या माणसाला तो पाऊस ना दिसतो ना ऐकू येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मध्ये उभे असताना पाणी वाढलं आणि काठ गाठता आला नाही. तिथली दरी वेगळी, पाण्याची रीत तीच.

म्हणून पाण्याजवळ बसायच्या आधी एक गोष्ट करा. काठाजवळचा असा एक दगड निवडा की ज्याचा खालचा भाग पाण्यात आणि माथा कोरडा आहे. पाण्याच्या रेषेच्या चार बोटं वर एक पान ठेवा, त्यावर खडा ठेवा. कोणीतरी एकाने ते पान बघत राहायचं. पान भिजलं, खडा हलला की प्रश्न न विचारता सगळ्यांनी वाटेच्या बाजूने वर निघायचं, चपला-डबे राहिले तरी चालतील. बाकी खुणाही लक्षात ठेवा. नितळ पाणी तांबूस, गढूळ होतं. आधी नव्हती ती पानं, काटक्या वाहत येतात. आवाज जड होतो आणि पाण्याखाली दगड एकमेकांवर आपटल्याची गुरगुर पायाला जाणवते. ही गुरगुर जाणवली म्हणजे उशीर झालेला आहे, त्याच्या आधीच निघायला हवं होतं.

११. ओढा ओलांडायची योग्य पद्धत कोणती?

आधी थांबून बघा. पाणी गुडघ्याच्या वर असेल, तळ दिसत नसेल, किंवा ओढा तुमच्या वाटेला कापून लगेच खाली कड्यावरून पडत असेल, तर ओलांडू नका. अंधारबनच्या सुरुवातीच्या मोठ्या ओढ्याला ही तिसरी अट लागू आहे. तिथे पाय सटकला तर सावरायला पुढे जागाच नाही.

ओलांडण्यासारखा असेल तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती अंगावरून काढून टाकता येते. बूट काढू नका. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, हातात काठी, एका वेळी एकच आधार हलवायचा. दगडावरून दगडावर उड्या मारू नका, पाण्यातल्या रेतीत पाय टाका. शेवाळलेल्या दगडापेक्षा रेती कितीतरी भरवशाची. गटात असाल तर एकमेकांच्या सॅकचे पट्टे धरून, वजनदार माणूस वरच्या बाजूला ठेवून सावकाश जा. कमरेला दोरी बांधून ओलांडू नका. वाहत्या पाण्यात तीच दोरी माणसाला खाली दाबून धरते.

वाटेत गावकऱ्यांनी लाकडाचे साकव टाकलेले असतात. त्यावरून एका वेळी एक जण. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. साकवावर थांबून फोटो काढायची सवय सोडून द्यायला हवी.

१२. मला उत्तम पोहता येतं. कुंडात उतरलो तर काय बिघडतं?

तलावात पोहणं आणि धारेखाली पोहणं यांत फार फरक आहे. जिथे धार आदळते तिथल्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की अंग तरंगत नाही, हात मारले तरी पकड मिळत नाही. वरून आदळलेलं पाणी तळाशी जाऊन परत धारेकडेच वळतं, म्हणजे बाहेर यायला धडपडणारा माणूस पुन्हा आत ओढला जातो. तळ रांजणासारखा कोरलेला, कडेला कपारी. पाणी थंडगार असल्याने पहिल्याच डुबकीत श्वास अडखळतो. त्यातच वरून दगड येऊ शकतात. बुडालेल्यांमध्ये पट्टीचे पोहणारे असतात ते यामुळेच.

ऑक्टोबरनंतर, धार बारीक झाल्यावर, वाटाड्याने दाखवलेल्या कडेच्या उथळ पाण्यात बसायला हरकत नाही. उडी कधीच नको. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्याच्या जवळही जाऊ देऊ नका, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

१३. बूट कोणते? छत्री की रेनकोट?

खोल खाचांचा मऊ रबरी तळवा असलेले बूट. गुळगुळीत स्पोर्ट शूज, फ्लोटर आणि पावसाळी चपला नकोत. जीन्स अजिबात नको, भिजल्यावर जड होते आणि मांड्या सोलवटतात. छत्रीने हात अडकतो, रेनकोट घ्या. अंग भिजणारच हे धरून कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत ठेवा. मोबाइल, बॅटरी, औषधं वेगळ्या पिशवीत. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. धबधब्याच्या आवाजात हाक पोचत नाही, शिट्टी पोचते.

१४. जळवा आणि साप?

जळवा असतात, सप्टेंबरपर्यंत भरपूर. त्या विषारी नसतात. पँट मोज्यात खोचा, घोट्याशी मीठ-तंबाखूची पुरचुंडी चोळा. चिकटली तर नखाने तिची टोकं बाजूला सारून काढा. रक्त काही वेळ वाहत राहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, घाबरू नका, दाबून धरा.

साप चावल्याची गोष्ट वेगळी. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस चालते. या जंगलात झुडपांवर बसणारा हिरवा चापडा तिच्यात येत नाही. चापड्याचा दंश सहसा जीव घेत नाही, पण सूज आणि वेदना भयंकर असतात आणि दवाखान्यात जायलाच हवं. कोणताही साप असो, जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. हात किंवा पाय फळीने स्थिर करा, माणसाला चालायला लावू नका, उचलून न्या. रायगडच्या बाजूला माणगावचं उपजिल्हा रुग्णालय, पुण्याच्या बाजूला पौडचं ग्रामीण रुग्णालय. आणि झाडाची फांदी धरण्यापूर्वी ती बघा, चापडा पानांत मिसळून जातो.

१५. ओढ्याचं पाणी पिता येतं का?

उकळल्याशिवाय नको. वर गुरं चरतात, वस्त्या आहेत. पावसाळ्यात लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो आणि तो पायाच्या साध्या जखमेतूनही होतो. ओरखडे असतील तर चिकटपट्टी लावून बूट घाला. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना "मी ओढ्याच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा. अंगावर लहानसा काळा खपलीदार डाग दिसला तर तोही दाखवा, गवतातल्या किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असू शकते.

१६. आई-बाबा आणि लहान मुलं बरोबर आहेत. काय करावं?

आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना पावसाळ्यात ओढे ओलांडायच्या वाटांवर नेऊ नका. त्यांच्यासाठी गुडघाभर पाणी म्हणजे कमरेपर्यंत असतं. ताम्हिणी घाटातून गाडीने जात, सुरक्षित रुंद जागी थांबून धबधबे बघा, पिंपरीजवळून दरी बघा. वळणावर गाडी उभी करू नका, धुक्यात मागून येणाऱ्याला ती दिसत नाही.

१७. पैसे भरून ग्रुपबरोबर जायचं आहे. ग्रुप चांगला हे कसं ओळखायचं?

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. तो क्रमांक मागा. मग तीन प्रश्न विचारा. किती माणसांमागे एक लीडर? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणी घेतलं आहे? ऑरेंज अलर्ट आला तर काय करणार? तिसऱ्या प्रश्नावर "बघू, आपण ॲडजस्ट करू" असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप बघा. एका बसमधून पन्नास जण आणि दोन लीडर, असा प्रकार शनिवार-रविवारी सर्रास चालतो.

१८. मोबाइलवर ट्रॅक डाउनलोड केला आहे. वाटाड्या कशाला?

देवकुंडला भिऱ्याहून वाटाड्या घेऊनच सोडतात, तेव्हा तिथे हा प्रश्न उरत नाही. बाकी ठिकाणीही घ्या. बहुतेक ट्रॅक कोरड्या दिवसांत नोंदवलेले असतात. पावसाळ्यात कारवी आणि रान वाढून तीच वाट झाकली जाते, आणि ढोरवाटा तिच्याहून ठळक दिसायला लागतात. दरीत आणि दाट झाडीत जीपीएसही भरकटतो. पण खरं कारण वेगळं आहे. "आज ओढा ओलांडता येणार नाही, मागे फिरा" हे ट्रॅक सांगत नाही. ते काल त्याच ओढ्यातून गुरं घेऊन आलेला माणूस सांगतो. त्याच्या दिवसाचे पैसे घासाघीस न करता द्या. या खोऱ्यातल्या घरांना पावसाळ्यात शेतीशिवाय हाच आधार असतो.

१९. गावात जेवण मिळतं का? वागताना काय सांभाळावं?

मिळतं, आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर. भाकरी, पिठलं, वरण-भात. ऐनवेळी पंचवीस जणांनी दारात उभं राहू नये, चूल एकच असते.

मुळशी तालुक्यात अनेक गावांनी देवराया राखल्या आहेत. तिथून पानसुद्धा तोडायचं नाही, वाळकं लाकूड उचलायचं नाही, चपला बाहेर. स्पीकर बंद. या जंगलात शेकरू आहे, भेकर आहे, ओढ्याकाठी पहाटे शीळ घालणारा कस्तूर आहे. गाणी लावली की हे काही ऐकू येत नाही. कचरा गावच्या डब्यात टाकू नका, तिथून तो उचलायला घंटागाडी येत नाही. आपल्याच पिशवीतून शहरात परत न्या. बायकांसाठी कपडे बदलायची किंवा स्वच्छतागृहाची सोय वाटेवर नाही, जेवणाच्या घरी आधीच विचारून ठेवा.

२०. ओढा वाढला आणि आम्ही पलीकडे अडकलो तर?

थांबा. हेच करायचं आणि हेच लोकांना जमत नाही. सह्याद्रीतले ओढे चढतात तसेच उतरतात, पाऊस थांबला की दोन-तीन तासांत बहुधा फरक पडतो. पाण्यापासून उंच, पण कड्याच्या थेट खाली नाही अशा जागी बसा, कोरडे कपडे घाला, खा, एकमेकांना चिकटून राहा. रात्र काढावी लागली तरी गारठा सोसवतो, वाहून गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून दिवसाच्या वाटेवरही बॅटरी, थोडं जास्त खाणं आणि एक मोठं प्लास्टिक बरोबर असावं.

२१. अपघात झाला तर कोणाला बोलवायचं?

११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हिरडी ते भिरा या पट्ट्यात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून दोन जणांना वाटाड्याबरोबर गावाकडे पाठवा आणि बाकीच्यांनी जखमीजवळ थांबा. गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचा समन्वय करणारं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्याचा क्रमांक निघण्याआधी साठवून ठेवा. दरीतून माणूस वर काढायला तासन्‌तास लागतात. घरी कोणाला तरी वाट, माणसांची संख्या आणि परत येण्याची वेळ लिहून द्या. पथकाला सर्वांत आधी हेच हवं असतं.

२२. कड्याच्या टोकावरून फोटो काढायचा आहे. किती जवळ जाता येईल?

कड्यापासून दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर राखा, आणि मान वळवून कॅमेऱ्यात बघत मागे सरकू नका. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे इथे व्हिडिओ करायला गेलेली एक तरुणी दरीत कोसळली आणि गेली. कड्यावरचं गवत ओलं असताना टोकाची माती आतून सुटलेली असते, वरून ती घट्टच दिसते. प्लस व्हॅलीतून पुढे देवकुंडाच्या माथ्यावर पोचणाऱ्यांना हे विशेष लागू आहे. तिथला कातळ पाण्याने घासून गुळगुळीत झालेला असतो. माथ्यावर दोर आणि जाणकार माणूस असल्याशिवाय जायचंच नाही.

२३. उन्हाळ्यात गेलं तर? गर्दी तरी नसेल.

फेब्रुवारीपर्यंत ठीक. नंतर भिऱ्याची बाजू तापते. मार्च २०१७ मध्ये भिऱ्यात ४६.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली आणि देशभर चर्चा झाली. दरीत वारा अडतो, उतरताना कळत नाही, चढताना माणूस कोसळतो. मेच्या अखेरीस ताम्हिणीच्या आसपास काजवे दिसतात, ते बघायला मात्र जरूर या. गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी बंद करून, रस्त्यावरच उभं राहून. झाडाजवळ जाऊन पायाखाली काजवे चिरडू नका, जमिनीलगत त्यांच्या माद्या असतात.

२४. पाऊस पडत नाही, तरी खाली कुंडलिका नदी सकाळी वाढलेली दिसते. असं कसं?

हे पाणी पावसाचं नाहीच. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाटाखाली सोडून भिऱ्यात वीज तयार होते, १९२७ पासून. मुळा नदीचं पाणी स्वाभाविकपणे पूर्वेला भीमेकडे जाणारं. ते इथे पश्चिमेला वळवलं आहे. त्या धरणाखाली गेलेल्या गावांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, मुळशीच्या जलाशयाकाठून जाताना हे आठवावं.

वीज तयार करून झालेलं पाणी कुंडलिकेत सोडतात, आणि कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. त्यामुळे भिऱ्यापासून कोलाडपर्यंत नदी कोरड्या हवेतही वाढते. पात्रातल्या खडकावर डबा खायला बसू नका, पात्रात गाडी धुवायला उतरवू नका. पाणी कधी सुटणार ते भिऱ्यात किंवा राफ्टिंगवाल्यांना विचारा. प्रश्न १० मधली पानाची युक्ती इथेही चालते.

२५. ग्रुपमधल्या निम्म्यांना पुढे जायचं आहे, निम्म्यांना परत. काय करायचं?

सगळ्यांनी परत. गट फोडला की एका बाजूला वाटाड्या नसतो, दुसऱ्या बाजूला गाडीची किल्ली नसते. हे निघण्याआधी गाडीतच ठरवून घ्या: एकानेही "मला हे बरं वाटत नाही" म्हटलं की कारण न विचारता मागे फिरायचं. ओढ्याच्या काठावर मतदान घेऊ नका.